नंदीपुढची वाट

धाकटीच्या पापण्या मिटतात, पुन्हा उघडतात, पुन्हा मिटतात. सारिका तिच्या शेजारी कुशीवर पडली आहे आणि मनातल्या मनात तिला विनवते आहे, झोप गं बाई एकदाची. तुझ्या आईला काम आहे. आज मंगळवार. मंगळवारी शाळेपलीकडच्या उपकेंद्रात सिस्टर येते आणि उन्हं कलली की स्कुटी काढून पुढच्या गावाला निघून जाते. आत्ती, म्हणजे सारिकाच्या सासूबाई, जेवून पलीकडच्या खोलीत आडव्या झाल्या आहेत. मामंजी रानात बेल काढायला गेलेत. नवरा तालुक्याला, थोरली लेक शाळेत. असा मोकळा मंगळवार पुन्हा कधी मिळायचा? पोरगी झोपली की चप्पल हातात घेऊन निघायचं, ती देवळाच्या मोठ्या दरवाज्याबाहेर गेल्यावर पायात घालायची. सगळं ठरलेलं आहे. फक्त डोळ्यांवर जरा झापड आली आहे, जरा. या जराशा झोपेनं आजवर किती बायांची कामं बुडवली असतील कोण जाणे.

ही माणसं कमळेश्वराची गुरव. घर म्हणजे देवळाच्या आवारातल्याच मागच्या ओवऱ्या, चांगल्या रुंद, दगडी, आतून पांढऱ्या मातीनं सारवलेल्या. तक्रारीला जागा नाही. पण गावात जायची वाट एकच. देवळाच्या अंगणातून, नंदीच्या पुढून, मोठ्या दरवाज्यातून. घरातल्या बाईची पाळी आली की ती वाट बंद. मागच्या पडवीत बसायचं, ताट-तांब्या वेगळा, आणि पाचव्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं की वाट खुली. सारिकाला याचं काही वाटत नाही. माहेरीही बाजूला बसायचेच, फक्त तिथं मागच्या दारानं रस्त्यावर जाता यायचं.

अडचण सिस्टरनं केली. मागे एकदा सारिका चोरून गेली होती, तेव्हा सिस्टर म्हणाली, "दिवस न राहायची तीन महिन्यांची सुई देते मी, कुणाला कळायचंही नाही. पण पाळी आली की लगेच ये, त्या चार-पाच दिवसांतच. म्हणजे पोटात काही नाही याची खात्री असते." झालं! सिस्टरनं सांगितलेले दिवस आणि घरानं बंद केलेले दिवस, दोन्ही तेच. त्यात धाकटी झाल्यापासून पाळी आलेलीच नाही. आत्ती म्हणतात, पोर अंगावर पितंय तोवर बाईला काही होत नसतं. सारिका यावर विश्वास ठेवून आहे, कारण न ठेवून करते काय?

धाकटीच्या वेळी ती मरता मरता वाचली होती. तालुक्याच्या दवाखान्यात बाटल्यांवर बाटल्या रक्त चढलं. डॉक्टरीणबाईंनी संपतला, तिच्या नवऱ्याला, खाटेपाशी उभं करून सांगितलं, एवढ्यात पुन्हा दिवस गेले तर ही बाई राहील याची हमी मी देणार नाही. संपतनं मान हलवली. मान हलवण्यात तो पटाईत आहे. ऑपरेशनचं म्हटलं की म्हणतो, एक मुलगा होऊ दे, देवाची पूजा पुढं कोण करणार? नको म्हटलं तर मारत-बिरत नाही, माणूस चांगला आहे, पण दोन दोन दिवस ताटावरून मान वर करत नाही, आणि एवढ्याशा घरात ते सगळ्यांना दिसतं. म्हणून आज सारिकाला काहीही करून सुई घ्यायची आहे. सिस्टरचे पाय धरून घ्यायची आहे.

धाकटीचा श्वास लांब होतो. सारिका उठते. उठल्यासारखी वाटते. दारात कुणीतरी बसलं आहे, उजेडाकडे पाठ करून, मांडीवर पळसाची पानं घेऊन. काडीनं पान टोचायचा बारीक आवाज येतो आहे.

"आक्का?"

"व्हय. झोपली का तुझी बया?"

वैजाक्का आहे. वैजयंता, सारिकाची थोरली जाऊ. तिला जाऊन दोन दिवाळ्या झाल्या हे सारिकाला ठाऊक आहे. तिला पोचवायला गेलेल्या माणसांसाठी सारिकानंच पाणी तापवलं होतं. पण आत्ता ते सगळं पलीकडच्या आळीत घडल्यासारखं लांबचं वाटतं. वैजाक्काच्या अंगावर ते जांभळं लुगडं आहे आणि ती पत्रावळ लावते आहे. पत्रावळ तिच्या मांडीवरून उतरून जमिनीवर पसरली आहे, पार उंबऱ्याबाहेर गेली आहे, तरी ती पान जोडतेच आहे.

"केवढी लावलीय ही पत्रावळ? कोण जेवणार हिच्यावर?"

"मला कोन सांगतंय? लाव म्हनलं, लावतीया." वैजाक्का हसते. तिचा एक दात पुढे आहे, हसली की ओठावर बसतो. सारिकाला एकदम भरून येतं. या घरात आल्यावर पहिलं वर्षभर तिला हसवलं ते या दातानं.

"माझ्या पोरी कशा हायत?"

"मामाकडं हायत तिघी. शाळेला जात्यात. मोठी न्हातीधुती झाली औंदा."

"झाली?" वैजाक्का हातातली काडी खाली ठेवते. पोरगी मोठी झाली की आया तोंड भरून हसतात, साखर वाटतात. वैजाक्का हसत नाही. काडी पुन्हा उचलते आणि म्हणते, "चल. सिस्टर उठंल. तुला जायाचंय न्हवं?"

सारिकाला विचारावंसं वाटतं की हिला कसं कळलं. पण मेलेल्या माणसाला काय काय कळतं याची चौकशी करत बसली तर उशीर होईल. ती चप्पल हातात घेते. वैजाक्का धाकटीला उचलून कडेवर घेते. पोरगी झोपेतच तिच्या खांद्यावर मान टाकते, ओळखीची असल्यासारखी. खरं तर ती जन्मली तेव्हा वैजाक्का नव्हती.

अंगणात ऊन नाही, सावलीही नाही. अंगण रोजच्यापेक्षा मोठं झालं आहे. मोठा दरवाजा लांब, पार शेताच्या बांधाएवढा लांब दिसतो. नंदी देवाकडे तोंड करून बसलेला असतो, तो आज घराकडे तोंड करून बसला आहे. सारिका चार पावलं पुढे जाते आणि मागे बघते. वैजाक्का कडेलाच थांबली आहे.

"या की."

"तू जा. मी मागल्या अंगानं येते."

"मागल्या अंगाला वाट कुठं हाय? तिथं भिंत हाय."

"तरी बी." वैजाक्का खाली बघते. तिच्या पायापाशी दगडावर एक थेंब पडलेला आहे, लाल, गोल. बघता बघता दुसरा पडतो. "थांबलंच न्हाई गं ते. तवापास्नं."

मेल्यावरसुद्धा? तिकडंसुद्धा बाजूला बसवतात? ती परत मागे येते आणि वैजाक्काचा हात धरते. हात थंड नाही, चुलीपुढून उठलेल्या बाईचा असतो तसाच गरम आहे. दोघी भिंतीच्या कडेनं चालू लागतात. भिंत शेवाळलेली, हाताला ओली लागते. ती भिंत चालता चालता स्वयंपाकघराची होते. आत आत्ती चुलीपुढे बसल्या आहेत, सोवळ्यातलं ओलं लुगडं नेसून. एक गुडघा वाकत नाही म्हणून तो पाय लांब पसरलेला. नैवेद्याची खीर ढवळताहेत. त्यांना या दोघी दिसत नाहीत.

"बघ," वैजाक्का हळूच म्हणते. "मी सुई घेतली तवाचं हाय हे."

सारिकाला ती वेळ आठवते. दसऱ्यानंतरची. सिस्टरनं वैजाक्काला आधीच सांगितलं होतं, सुई घेतल्यावर काही बायांना थोडं थोडं जात राहतं, घाबरायचं नाही, धोका नसतो. सिस्टरचं खरंच होतं. पण थोडं म्हणजे काय, हे सिस्टरला कोण सांगणार? या घरात थोडं नसतं. ठिपका दिसला की चार दिवस. चार दिवस संपायच्या आत पुन्हा ठिपका, की पुन्हा पहिल्यापासून. वैजाक्का मागच्या पडवीत बसली ती थंडी सरेपर्यंत. पोरींनी आईला शिवायचं नाही. मधली लेक रात्री झोपेत उठून तिच्या पांघरुणात शिरायची आणि सकाळी तिला आंघोळ घालून मगच घरात घेत. सारिका तेव्हा थोरलीच्या वेळची बाळंतीण. म्हणजे घरातलं सगळं, देवाचं सगळं, त्या पसरलेल्या पायावर येऊन पडलं.

चुलीपुढून आत्ती म्हणतात, कुणाला म्हणतात कळत नाही, "किती दिस बसायचं माणसानं? माझं मरू दे. देवाचं कोन बघंल?" त्यांच्या आवाजात राग नाही. रडू आहे, दमलेल्या माणसाचं. खीर उतू जाते आणि त्या हातानंच भांडं उतरवतात.

"म्हातारीनं मला एका शब्दानं बोल लावला न्हाई," वैजाक्का म्हणते. "बोलली असती तर बरं हुतं. भांडले असते."

"मी लपवीन," सारिका म्हणते. हे तिनं ठरवून ठेवलेलं आहे, आज पहिल्यांदा तोंडातून बाहेर येतं. "ठिपका दिसला तरी सांगायची न्हाई. कोन बघतंय?"

"नंदीपुढनं जाशील?"

"जाईन."

"निवद करशील? त्या हातानं?"

सारिका चुलीकडे बघते. चुलीतला जाळ तिच्याकडे बघतो आहे असं तिला वाटतं.

"मी बी लपवलं हुतं," वैजाक्का म्हणते. "एक दिस. निवद केला, दिव्याची वात केली, सगळं केलं. सांजच्याला मधलीला ताप भरला. डोळं पांढरं केलं पोरीनं. दातखीळ बसली. मग मीच उठले आन् आत्तीच्या पायावर पडले. सांगून टाकलं. देवापुढं नाक घासलं, म्हनलं, पुन्हा न्हाई घ्यायची सुई, पोरगी दे माझी."

"ताप तर गावात सगळ्याच पोरांना हुता तवा."

"व्हय की."

"मग?"

"मग काय? ताप उतरला." वैजाक्का धाकटीची मान सावरते. "कुनी माझा हात धरला न्हाई, सारे. मीच गेले न्हाई परत. सिस्टरनं दोनदा निरोप धाडला. मीच."

रागावावं तर कुणावर, हेच कळत नाही. समोर कुणी वाईट माणूस असता तर त्याला शिव्या तरी घातल्या असत्या. समोर आत्ती आहेत आणि भाजलेल्या बोटांवर फुंकर घालत आहेत.

आता दोघी बसल्या आहेत. बूड हलतं आहे, म्हणजे जीप आहे. मागच्या बाकावर समोरासमोर. जीप उभी आहे आणि तरी हलते आहे. बाहेर देवळाचा मोठा दरवाजा. सारिकाला कळतं की ही ती जीप आहे. वैजाक्काला सातवा लागला होता आणि दुपारी अंगावरून रक्त जाऊ लागलं, तेव्हा गावातून आणलेली.

"आत्ता कशाला थांबलीय?" सारिका ओरडते. "चला की! जीप चालू करा!"

"पडदा ओढत्यात," वैजाक्का म्हणते.

तसंच झालं होतं. वैजाक्काला पडवीतून जीपपर्यंत न्यायचं तर नंदीपुढूनच न्यायला हवं. आणि तशा बाईला देवासमोरून न्यायचं तर आधी देवापुढे पडदा ओढायला हवा. पडदा गाभाऱ्यात. गाभाऱ्यात जायचं तर आंघोळ करून जायला हवं. मामंजी रानात होते. संपत धावत विहिरीवर गेला, कपड्यांसकट दोन बादल्या ओतून घेतल्या आणि तसाच निथळत आत शिरला. पडद्याची कडी अडकली. त्यानं ती दातांनी ओढली. त्याच्या ओठाला ती जखम अजून आहे. त्या वेळानं काय झालं आणि काय झालं नसतं, कोण सांगणार? डॉक्टर काही बोलले नाहीत. घरात कुणी विचारलं नाही.

"सगळी पळत हुती गं," वैजाक्का म्हणते. ती जीपमध्ये आडवी झाली आहे आणि तिचं डोकं सारिकाच्या मांडीवर आहे. "कुनी बसून न्हवतं. मी बघत हुते न्हवं सगळं. ह्यांनी तर पायात चप्पल बी घातली न्हाई."

तिचे मालक, सारिकाचे थोरले दीर, आता पुण्याला एका कंपनीत आहेत. गावाला येत नाहीत. सारिका हे सांगत नाही.

"पुढची बाई."

सिस्टर टेबलामागे बसली आहे. जीपचा बाक उपकेंद्राचा बाक झाला आहे. भिंतीवर तेच चित्र, नवरा-बायको आणि दोन गुटगुटीत पोरं, चौघंही दात दाखवून हसणारी. या चित्रातल्या बाईला सासू कुठं असते, असं सारिकाला दर वेळी वाटतं. बाकावर आणखी बाया बसल्या आहेत. सगळ्यांनी पदर पुढे ओढले आहेत, तोंड कुणाचंच दिसत नाही, पण पायांवरून ओळखू येतात. ती परटाची सून. ती डेअरीवाल्याची. त्यांनीही सारिकाला ओळखलं असणार. म्हणजे संध्याकाळी पाणवठ्यावर बातमी होणार. एक बाई उठून निघून जाते. बहुधा आत्तींच्या नात्यातली गावची आशा कार्यकर्ती दारातून डोकावली म्हणून.

"सुई पाहिजे," सारिका म्हणते.

"पाळी आली?"

"न्हाई."

"मग आल्यावर ये."

"आल्यावर येता येत न्हाई, सिस्टर. आमच्यात बाहेर सोडत न्हाईत. देवळातनं वाट हाय."

सिस्टर पेन खाली ठेवते. चेहरा वाईट नाही तिचा. थकलेला आहे. गावं फार आणि स्कुटी एक. "मग एखाद्या बाईबरोबर निरोप पाठव."

"निरोप पाठवला तर तुमी घरी येऊन सुई द्याल?"

"घरी कशी देऊ? तुझ्या सासूबाई मला दारात उभं करतील का? आणि मी तुमच्या देवळातून आत येऊ, तेही माझी पाळी चालू नाही असं आधी सांगून?"

बाकावरची एक बाई पदराआड फिसकन हसते. सारिकालाही हसू येतं. मग येत नाही.

"तशीच द्या. मी सही करते. अंगठा देते. काय झालं तर माझ्यावर."

"तुझ्यावर नाही येत गं, माझ्यावर येतं. उद्या पोटात असलं आणि मी सुई टोचली तर? तपासायची पट्टी असती तर आत्ताच्या आत्ता बघितलं असतं. मागच्या महिन्यापासून पट्ट्याच आल्या नाहीत. वर कळवलंय." सिस्टर खण उघडून दाखवते. खण रिकामा आहे. खणाला तळ नाही. आत कमळेश्वराच्या मागची विहीर दिसते, लांब खाली, आणि तिच्यात कुणीतरी बादली सोडतं आहे.

"मी मरंन, सिस्टर."

"असं बोलू नये," सिस्टर म्हणते आणि तिचे डोळे खरंच भरतात. "पुढच्या मंगळवारी ये. पट्ट्या आल्या असतील. नक्की ये हं."

पुढच्या मंगळवारी मामंजी रानात नसणार. संपत तालुक्याला नसणार. सारिका वळते आणि वैजाक्काला गच्च धरते. आयुष्यात पहिल्यांदा ती थोरल्या जावेला अगंतुगं करते.

"तू सांग ना घरच्यांना! तू गेलेली माणूस हायस. तुझं ऐकतील. आत्तीला सांग, यांना सांग, की हिला जाऊ द्या म्हणावं, न्हाईतर ही बी माझ्यासारखी जाईल."

"जित्ती हुते तवा कोन ऐकत हुतं?"

"आत्तीच्या स्वप्नात जा. माझ्या आलीस तशी."

"गेलते की. गेल्या आवसेला गेलते. समोर बसून सगळं सांगितलं. म्हातारी ढसाढसा रडली." वैजाक्का तिच्या केसांवरून हात फिरवते. "सकाळी उठली आन् माझ्यासाठी दहीभात ठेवला भिंतीवर. कावळा शिवेस्तवर उनात उभी हुती, तसला पाय घिऊन. मग घरात गेली, कामाला लागली."

सारिकाला तो दहीभात आठवतो. तिनंच तो कालवला होता. तेव्हा आत्तींनी का ते सांगितलं नव्हतं, नुसतं म्हणाल्या होत्या, वैजीला भूक लागलीय गं.

"मग मी काय करू?" सारिका विचारते. "तू तरी सांग. काय करू मी?"

वैजाक्का धाकटीला या कडेवरून त्या कडेवर घेते. तिला माहीत असून ती सांगत नाही असं नाही. तिला माहीत नाही. ते तिच्या तोंडावर स्वच्छ दिसतं, आणि सारिका तिला धरलेले हात सोडते. मेलेल्या माणसांना तरी ठाऊक असेल असं तिला आतून वाटत होतं.

धाकटी कुरकुरते. वैजाक्का तिला सारिकाच्या मांडीवर देते. आता त्या पुन्हा ओवरीत बसल्या आहेत, भिंतीला टेकून, दोघी जावा दुपारच्या वेळी बसायच्या तशा. सारिका पोरीला पदराखाली घेते. पोरगी एकदा ओढते, तोंड वेडंवाकडं करते आणि मान फिरवते. सारिका पुन्हा तोंडात देते. ती पुन्हा मान फिरवते आणि रडू लागते.

"काय झालं हिला? परवापास्नं असंच करतीया."

वैजाक्का पोरीकडे बघते. मग सारिकाकडे बघते, डोळ्यांत, गळ्याशी, मग खाली पोटाकडे. ओठावरचा दात आत जातो. ती हात मागे नेऊन भिंत चाचपते, जणू तिथं काय आहे ते तिला न बघता ठाऊक आहे. नखानं भिंतीचा पोपडा काढते. पांढऱ्या मातीचा, खारकेएवढा. फुंकर मारून धूळ उडवते आणि सारिकाच्या तोंडापुढे धरते.

"घे."

"मला कशाला? मला काय डोहाळे लागल्यात?"

वैजाक्का हात तसाच धरून ठेवते.

"आक्का, ही माती पोटुशी बाई खाती. थोरलीच्या वेळंला तूच आणून द्यायचीस मला, आत्तीला चोरून. एरवी मला तिचा वास बी सोसत न्हाई. आक्का? बोल की."

"घे गं," वैजाक्का म्हणते. तिचा आवाज इतका मऊ आहे की सारिकाला त्याची भीती वाटते. "तोंड उघड. माझ्या हातनं घे एवढी."

सारिकाला तोंड मिटून घ्यायचं आहे. तोंड उघडतं. माती जिभेवर येते, आधी कोरडी, मग ओली, मग गोड. नुकत्याच सारवलेल्या जमिनीसारखा वास नाकात भरतो. वैजाक्का तिच्याकडे बघते आहे आणि रडते आहे, आवाज न करता, पदर तोंडात कोंबून, मागच्या पडवीत रडायची तसं. मग ती उठते. अंगणाच्या कडेला जाते. पलीकडे कुणीतरी पडदा ओढतं आहे, कड्या दांडीवरून सरकल्याचा आवाज येतो. पडद्यामागे वैजाक्काचं जांभळं लुगडं अर्धं दिसतं, मग दिसत नाही.

"आक्का!"

सारिका डोळे उघडते.

भिंतीवरचं ऊन पिवळं झालं आहे आणि पार वर, तुळईपाशी गेलं आहे. धाकटी जागी होऊन पाय झाडते आहे. बाहेर शाळेच्या अंगानं स्कुटी चालू झाल्याचा आवाज येतो, चढावर घोगरा होतो, वळणावर बारीक होतो आणि संपतो. सिस्टर गेली. चप्पल उशाशी आहे. सारिका ताडकन उठून बसते, आता धावत गेलं तर फाट्यावर गाठता येईल का, असा विचार करते, आणि थांबते. कारण तोंडात काहीतरी करकरतं आहे.

ती जीभ फिरवते. दातांत कण. उजव्या हाताच्या नखांत पांढरी माती गच्च भरली आहे, बोटाचं टोक सोलवटलं आहे. ती मान वळवून भिंतीकडे बघते. उशाच्या वर, निजल्या निजल्या हात पोचेल अशा उंचीवर, सारवलेल्या भिंतीत अंगठा मावेल एवढा खड्डा पडला आहे. ताजा. कडा अजून भुसभुशीत आहेत आणि खाली उशीवर चिमूटभर भुगा सांडला आहे. नखांचे ओरखडे दिसतात. तिचेच आहेत. शेजारी दुसरं कुणी नाही.

थुंकून टाकावं म्हणून ती तोंड पुढे करते. थुंकत नाही. तोंडाला पाणी सुटलं आहे, आवरेना इतकं. ती गिळते.

"उठलीस का गं?" पलीकडून आत्ती विचारतात. उठताना त्यांचा गुडघा कटकन वाजतो. "दिवाबत्तीची वेळ झाली, बाय."

"आले, आत्ती," सारिका म्हणते. तिचा आवाज रोजच्यासारखा निघतो. धाकटीला एका हातानं थोपटत ती दुसऱ्या हाताचं बोट त्या खड्ड्यात घालते, आणखी एक तुकडा निघतो का बघत.